तुम्ही विचारलंत म्हणून: एवढासा माऊस कशाला?

माझ्या टेबलाशी येणारा जवळजवळ प्रत्येक जण माझा माऊस उचलून बघतो आणि विचारतो, ‘हा आतून रिकामा आहे का? इतका हलका कशाला घेतलास?’ गेम खेळणाऱ्या मैत्रिणींचा प्रश्न असतो, लहान हाताला कुठला वायरलेस माऊस घेऊ? दोघांनाही मी आधी एकच सांगते: ग्रॅम नंतर बघा, पट्टी आणा.

मनगटाच्या पहिल्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं. माझा हात साडेसोळा सेंटिमीटर भरतो. आता माऊसचं माप घ्या. लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट २०२० साली आला. वायरलेस असूनही त्याचं वजन ६३ ग्रॅमच्या आत ठेवलं होतं, आणि पुढे अनेकांनी त्याच घडणीवर आपले माऊस बेतले. तो १२५ मिमी लांब आणि ६३.५ मिमी रुंद आहे. मध्यम-मोठ्या हाताला हे माप छान बसतं. माझ्याएवढ्या हाताचं काय होतं ते सांगते. माऊसची पाठ तळव्याला टेकते आणि बोटांना मागे ओढायला जागाच उरत नाही. गेममध्ये निशाणा वरखाली करायची बारीक हालचाल बोटांच्या पेरांतून येते. बोटं सरळ ताणलेली असली की ती हालचाल मनगटाला करावी लागते, आणि मनगट तेवढं नाजूक काम करत नाही.

लांबीपेक्षाही मी रुंदीकडे जास्त बघते. त्यातही बॉक्सवरची रुंदी बघून भागत नाही, कारण ती बहुतेक वेळा सगळ्यात फुगीर जागेची असते. अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट जिथे धरतात, त्या कमरेची रुंदी शोधा. कमर रुंद असेल तर माऊस उचलायला बोटं आवळावी लागतात. एक नंबर मोठी चप्पल घातली की पायाची बोटं आवळून चालावं लागतं, तसंच. तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी जो ताण जाणवतो, तो या आवळण्याचा असतो.

‘पण माऊस उचलतं कोण? तो तर सरकवायचा असतो,’ असं घरचे म्हणतात. मी संध्याकाळी चुलत भावंडांबरोबर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळते. माझं सेटिंग ८०० डीपीआय (माऊस एक इंच सरकला की तो किती टप्पे मोजतो तो आकडा) आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्या टप्प्यांवर गेममध्ये किती वळायचं ते, ०.३५. या हिशोबात पूर्ण गोल फिरायला माऊस साधारण ४७ सेंटिमीटर सरकवावा लागतो. म्हणजे पाठीमागून कोणी आलं तर वळण्यासाठी तेवीसेक सेंटिमीटर. माऊसपॅड तिथेच संपतं. मग माऊस टिचभर उचलायचा, मध्ये आणून ठेवायचा, पुन्हा सरकवायचा. एका राउंडमध्ये हे कितीतरी वेळा होतं आणि लक्षातही येत नाही. वजन कामाला येतं ते इथे. सरकवताना पॅड भार घेतं, उचलताना सगळा भार दोन बोटांच्या चिमटीवर येतो. हात लहान असेल तर ती चिमूट आधीच ताणलेली असते, म्हणून शंभर ग्रॅम आणि साठ ग्रॅम यांतला फरक आपल्याला मोठ्या हाताच्या माणसापेक्षा जास्त कळतो. दिवसभर ऑफिसात एक्सेलचे रकाने भरताना मात्र हा फरक फारसा जाणवणार नाही. तिथे रुंदी जाणवेल.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही बघा. एए सेलवर चालणारे काही लहान माऊस स्वस्त आणि चांगले असतात, पण सेल मागच्या बाजूला बसतो. साधा अल्कलाइन एए सेल तेवीसेक ग्रॅमचा. माऊस उचलला की शेपूट खाली झुकतं आणि ठेवताना तो तिरका टेकतो. उपाय सोपा आहे: लिथियमचा एए सेल टाका, तो पंधराच्या आसपास भरतो. त्याहून हलकं हवं असेल तर लिथियमचा एएए सेल प्लास्टिकच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून बसवा, तो आठेक ग्रॅमचाच असतो. सेल लवकर संपतो, पण माऊसचा तोल सावरतो. माझ्या धाकट्या भावाने आपल्या माऊसमध्ये हेच केलंय.

वायरलेस माऊस मागे पडतो का, अडखळतो का, ही शंका अजूनही विचारली जाते. गेमिंगचे माऊस ब्लूटूथवर न चालवता त्यांच्या २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या रिसीव्हरवर, चालवायचे असतात. १००० हर्ट्झ म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा माऊस आपली जागा कळवतो, माझ्या खेळाला ते पुरतं. ४००० किंवा ८००० वर ठेवलं तर बॅटरी भराभर उतरते. डोंगल मात्र सीपीयूच्या मागे, निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये खुपसून ठेवू नका. यूएसबी ३.० चा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलने २०१२ सालीच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. बऱ्याच माऊसच्या बॉक्समध्ये एक्स्टेंशन वायर मिळते, ती वापरून डोंगल पॅडच्या कडेला आणा. पॉइंटर अडखळतो म्हणून आलेली निम्मी माणसं मी एवढं सांगून परत पाठवली आहेत, आणि त्यांचं काम झालंय.

आपल्याकडच्या हवेचंही बोललं पाहिजे. हलक्या माऊसचं कवच पातळ आणि गुळगुळीत असतं, मे महिन्यात घामाने ते हातातून निसटतं. आपण घट्ट धरतो आणि हलकेपणाचा सगळा फायदा गेला. दोन्ही बाजूंना ग्रिप टेप, म्हणजे पकड देणारी चिकटपट्टी लावा, वजन एक-दोन ग्रॅमच वाढतं. पावसाळ्यात कापडी पॅड दमट होऊन जड चालायला लागतं. तेव्हा सेन्सिटिव्हिटीला हात लावू नका, पॅड पंख्याखाली सुकवा. मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेल्या माऊसची २०१९ च्या सुमाराला लाट होती. आता तसली भोकं न पाडताही पन्नास ग्रॅमपर्यंत जाता येतं, त्यामुळे धूळ आणि घाम आत जाऊ देणारा माऊस मी तरी आता घेणार नाही.

आता नावं. माझ्याएवढा हात असेल आणि तळवा न टेकवता बोटं वाकवून धरायची सवय असेल, तर ११५ ते ११९ मिमी लांबी बघा. सुपरलाइटचाच आकार लहान केलेला सुपरलाइट २सी सुमारे ११८ मिमी लांब आणि ५१ ग्रॅमचा आहे. रेझरचा ओरोची व्ही२ १०८ मिमीचा, सेल न धरता ६० ग्रॅमच्या आत. तो फक्त बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यांसाठी. वायर चालत असेल आणि जुना पीस मिळाला, तर रेझरचा व्हायपर मिनी, ६१ ग्रॅम. त्याची कमर साडेत्रेपन्न मिमीची आहे आणि अरुंद कमर म्हणजे काय ते त्यावर हात ठेवला की कळतं. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला जा, डिस्प्लेला ठेवलेला माऊस मागा. क्लिक करून बघू नका, उचलून बघा. अंगठा आणि अनामिकेने हलकेच उचलायचा, बोटांची नखं पांढरी पडत असतील तर तो तुमचा नाही.

मुलीसाठी घेत असाल, तर तिचा हात अजून वाढायचा आहे म्हणून मोठा माऊस घेऊन ठेवू नका. तिला आजच्या हाताचा द्या.