टेकू

सकाळी पावणेसहाला मोबाईलवर फोटो आला. चेहऱ्याचा होता, पण कोणाचा ते मला पटकन ओळखू येईना. डोळ्यांच्या जागी दोन फटी, भुवयांमधला खळगा भरून गेलेला, कपाळ टम्म पुरीसारखं. खाली त्या माणसाच्या मुलीने मेसेज टाकला होता: ‘मावशी, बाबांचे डोळे उघडूनच नाही राहिले. उशीवर रक्त पण आहे. आई रडतेय.’

हा पेशंट तीन दिवसांपूर्वीचा. इंदूरजवळच्या पिथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा, वय 41. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं होतं. कारखान्यात सांगितलं होतं, ग्वाल्हेरला मावशीकडे चाललोय. मी त्या क्लिनिकमध्ये अकरा वर्षं आहे. डोक्यामागून एकेक मूळ काढणं, पुढे त्याच्यासाठी छिद्रं पाडणं हे डॉक्टर मॅडमचं काम. आम्ही त्यांच्या हाताखाली ती मुळं भिंगाखाली वेगळी करतो, थंड सलाईनमध्ये ठेवतो, मोजतो. एका मुळात कधी एक केस, कधी दोन, कधी तीन-चार. त्या दिवशी 2,200 भरली. आठ तास गेले. शेवटी पेशंटला घरी कसं राहायचं ते समजावून सांगायचं काम माझं असतं, आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी मी ते उरकलं. पाय दुखत होते, कागद हातात दिला, बोट फिरवलं: सात रात्री डोकं उंच ठेवून, पाठीवर झोपा, कुशीवर नको, पालथं तर अजिबात नको. तो म्हणाला, “हो ताई.” मीही ते हो खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, “झोपताय ना व्यवस्थित?” पुन्हा हो.

फोटो आला तो दिवस रंगपंचमीचा. इंदुरात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. त्या दिवशी गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते. टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत माणसांचा पूर, ट्रकवर चढवलेली यंत्रं तीन-चार मजले उंच रंग उडवतात. आदल्या दिवशीच राजवाड्यालासुद्धा ताडपत्री गुंडाळून ठेवतात. आणि हा गृहस्थ राहतो इमली बाजारातल्या गल्लीत. सकाळपासून बॅरिकेड. रिक्षा नाही, गाडी नाही. त्याला क्लिनिकला आणायचं म्हणजे ताज्या डोक्यानिशी त्या गर्दीतून चालवत आणायचं. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “ताप? लाली? एकाच बाजूला सूज? दुखतंय?” मी मुलीला विचारलं. नाही, नाही, नाही, नाही. “मग उतरती सूज आहे. पण रक्ताचं बघायला हवं. तू जवळ राहतेस ना?”

मी रामबागेत राहते. जुना पंजाबी ड्रेस घातला, ग्लोव्हज आणि सलाईनचा स्प्रे दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून पोटाशी धरले, आणि निघाले. साडेआठच वाजले होते, गेर अजून दूर, म्हणून वाटलं निसटेन. गल्लीच्या तोंडाशीच पोरांनी गाठलं. “अरे भिया, नर्सदीदी!” हे त्यांना कसं कळलं देव जाणे. बादलीभर हिरवा अंगावर, वर मूठभर गुलाल.

दारात त्याची आई उभी होती. वय अठ्ठ्याहत्तर, नीट पिन केलेलं पातळ, चष्मा. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “आत येऊ नकोस बाई. त्याला रंग चालत नाही म्हणून तूच कागदावर लिहून दिलंयस.” बरोबरच होतं. अंगणातल्या नळावर डोकं, हात, मान धुतली, आणि त्या काकूंनी दिलेलं पातळ नेसून मी पेशंट तपासायला गेले. अकरा वर्षांत एवढा वेळ कोणत्याच ड्रेसिंगच्या तयारीला लागला नव्हता.

तो खुर्चीत बसला होता. आवाज ठणठणीत, फक्त दिसत नव्हतं. “ताई, मी आंधळा तर नाही ना होऊन राहिलो?” पापणी बोटाने अलगद उचलली. डोळा स्वच्छ, त्याला माझ्या हातातल्या पिशवीचा रंग सांगता आला. सूज मऊ, दाबली की बोटाचा खळगा पडत होता, दोन्ही बाजूंना सारखी. ऑपरेशनच्या वेळी कपाळाच्या वर बधिर करण्याचं औषध आणि सलाईन भरतात, ते आणि जखमेचं पाणी नंतर हळूहळू खाली सरकतं. आधी कपाळ, मग पापण्या, मग गाल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसतं, आणि एका आठवड्यात जातं. दिसायला भयंकर, पण त्यामानाने निरुपद्रवी. डोकं रात्रभर उंच राहिलं तर ते पाणी एकदम डोळ्यांवर येत नाही, हा त्या झोपेच्या नियमाचा एक अर्थ. दुसरा अर्थ म्हणजे मुळांना काही घासू नये.

मग उशी मागितली. उशी वाचता येते. मानेच्या बाजूला फिकट गुलाबी, पाणी मिसळल्यासारखे मोठे डाग होते. ते मागच्या भागातले, जिथून मुळं काढली तिथले. तिथे थोडं पाझरतंच, आणि तो भाग उशीला टेकला तरी चालतो. पण कडेला एक छोटा, गडद, वाळलेला ठिपका होता. डोक्यात शोधलं. डाव्या कानशिलाच्या वर, रांगेत एक जागा रिकामी, त्यावर ताजी काळपट खपली. मूळ उपटलं गेलं की असं ताजं रक्त येतं. नुसती खपली पडली आणि रक्त नाही, तर मूळ आत शाबूत असतं. पहिल्या दोन दिवसांत साध्या ओढीनेसुद्धा मूळ निघतं, नंतर ते धरू लागतं, नऊ-दहा दिवसांनी निघत नाही. पुन्हा दोनदा मोजलं. एक. बावीसशेतलं एक. मी सांगितलं तर तो म्हणाला, “त्या एकाचे पैसे परत मिळतील का?” तेव्हा कळलं की माणूस ठीक आहे.

“आता दाखवा, झोपता कसे.”

हे मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं. तो चाचपडत पलंगावर गेला, एकावर एक तीन उशा रचल्या आणि आडवा झाला. फक्त डोकं वर. हनुवटी छातीला, मान मोडल्यासारखी, आणि कंबरेपासून पाठ सपाट. असा माणूस तासाभरात खाली घसरणारच, आणि हा तर आयुष्यभर पालथा झोपणारा. रात्रपाळी करून दिवसा झोपताना उजेड नको म्हणून तोंड उशीत खुपसायची वीस वर्षांची सवय. त्यावर उपाय म्हणून त्याने डोक्याला मफलर गुंडाळला होता, हलू नये म्हणून! त्या मफलरनेच ते एक मूळ ओढलं असणार. राजवाड्याला ताडपत्री चालते, ह्याला नाही.

मी उशा हलवत होते, कुठे लोड मिळतो का बघत होते. मागून काकू म्हणाल्या, “सरक तू.”

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि लोखंडी चौकट घेऊन आल्या. दवाखान्यात पलंगावर ठेवतात ती बॅकरेस्ट, मागचा पाय खाचेत अडकवून कमीजास्त करायची. कडेला गंज, जाळीवर जुन्या चादरीची घडी शिवलेली. पलंगावर ठेवली, खाच मोजून लावली. “ह्या खाचेला अर्धा बसल्यासारखा राहतो माणूस. ढुंगण एकदम कोपऱ्यात घालायचं, नाहीतर घसरतो. गुडघ्यांखाली लोड, नाहीतर मध्यरात्री परत घसरतो. दोन्ही बाजूंना उशा, म्हणजे कूस बदलताच येत नाही.” आमचे कागद 45 अंश म्हणतात. त्यांची खाच तेवढीच होती. मग एका जुन्या सुती पातळाची घट्ट वळी केली, घोड्याच्या नालेसारखी वाकवून त्याच्या मानेमागे ठेवली. “चुंबळ म्हण हवं तर. डोकं लवंडत नाही.” विमानतळावर विकतात ती मानेची उशी आम्ही सुचवतो. ही जास्त चांगली होती, मान नीट धरत होती आणि वरच्या मुळांपर्यंत पोचत नव्हती.

“काकू, हे तुम्हाला एवढं कसं—”

“नऊ वर्षं अशीच झोपते मी. आडवं झालं की श्वास कोंडतो. हृदयाचं आहे ना.”

मुलाने बंद डोळ्यांनी मान तिकडे वळवली. “तू बसून झोपतेस? मला वाटलं, तू उशिरापर्यंत जप करतेस.”

“जपही करते,” काकू म्हणाल्या.

मग कोणी बोललं नाही. बाहेर गेर आली होती, ढोलांनी खिडकीची काच थरथरत होती, आणि काचेवर एकाएकी गुलाबी पडदा आला. मी उगाच स्प्रेचं झाकण उघडबंद केलं. मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सूज पाहिली, गोळी सांगितली, बर्फ रुमालात गुंडाळून फक्त भुवयांवर आणि डोळ्यांच्या कडेला धरायला सांगितला, मुळांपासून लांब, दहा-दहा मिनिटं. पाणी भरपूर. खाली वाकायचं नाही, चपलासुद्धा दुसऱ्याने घालून द्यायच्या. मुलीने सगळं वहीत लिहून घेतलं, माझ्या कागदापेक्षा नीट.

निघताना मला एकदम सुचलं. “काकू, तुमची बॅकरेस्ट ह्याला दिली, तर तुम्ही आज रात्री?”

“मी भिंतीला टेकते की.”

हृदयाची पेशंट उरलेल्या चार रात्री भिंतीला टेकणार, ते माझ्या एका घाईतल्या कागदापायी. क्लिनिकच्या स्टोअरमध्ये एक बॅकरेस्ट पडून असते, मला माहीत होतं. पण तिथपर्यंत जायचं तर दुपारी तीननंतरच, रस्ते मोकळे झाल्यावर. तोवर मी त्यांच्याकडेच जेवले. पुरणपोळी, कटाची आमटी, आणि इंदूर म्हणून वर शेव. तीनला निघाले तेव्हा महापालिकेच्या गाड्या रस्ते धूत होत्या, सगळं पाणी जांभळं वाहत होतं. साडेपाचला बॅकरेस्ट घेऊन परत. रात्री अकराला मुलीने फोटो पाठवला. एकाच खोलीत दोन पलंग, दोघं अर्धवट बसलेले, दोघांची तोंडं उघडी.

सूज सातव्या दिवशी गेली. दहाव्या दिवशी तो खपल्या धुवायला क्लिनिकमध्ये आला. मॅडमनी सांगितलं, महिन्याभरात लावलेले बरेच केस गळतील, घाबरू नका, मूळ आत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून परत यायला लागतील, पूर्ण दिसायला वर्ष. त्याने मान डोलावली. आता मला त्याच्या होकारावर विश्वास नव्हता, म्हणून मी त्याच्याकडून सगळं पुन्हा म्हणवून घेतलं.

आमची बॅकरेस्ट त्याने परत आणली होती, पुसून, वर्तमानपत्रात बांधून. ती माझ्या हातात देताना म्हणाला, “ताई, अशी नवीन कुठे मिळेल? आईची गंजलीय.”

एमवाय हॉस्पिटलच्या समोरच्या दुकानांत बघा, मी म्हटलं. घेण्याआधी खाचा मोजा.