ऑकलंडमध्ये माओरी आर्टिस्टकडून टॅटू काढून घेतला, त्याचा अनुभव

मी इन्स्टावरून डिझाइनं सेव्ह करून नेली होती, पण त्याने फोनकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, तुझा डोंगर कुठला, नदी कुठली? माओरी लोक, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, ओळख अशीच करून देतात, त्याला पेपेहा म्हणतात, डोंगर, नदी, पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी आणि स्वतःचं नाव शेवटी. मी वाईची, म्हणून पांडवगड आणि कृष्णा सांगून मोकळी झाले, होडीच्या जागी विमान म्हटलं तर हसला.

मग स्पष्टच बोलला, टा मोको, म्हणजे माओरींचा पारंपरिक टॅटू, तुला मिळणार नाही, त्यात वंशावळ असते, घराणं, टोळी, मान सगळं, तो माओरी रक्ताच्या माणसाचाच. बाकीच्यांसाठी किरितुही, शैली तीच पण कोणाची वंशावळ उचललेली नाही. मला हे पटलं. एकेकाळी मोको असलेली माणसांची मुंडकी बंदुकांच्या बदल्यात विकली जायची हो, १८३१ मध्ये सिडनीतून कारभार बघणाऱ्या न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरने त्या व्यापारावर बंदी आणली, तेव्हा "डिझाइनच तर आहे" असं निदान त्यांच्यासमोर कोणी बोलू नये. चेहऱ्यावरचा मोको पुरुषांमध्ये एकोणिसाव्या शतकातच मागे पडला, बायकांनी हनुवटीवरचा मोको काउआए पुढे बराच काळ टिकवला आणि आता तो परत दिसतो, २०२० मध्ये न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झालेल्या ननाइया महुता यांच्या हनुवटीवरही आहे.

काढायच्या दिवशी आधी कारकिया म्हणजे प्रार्थना झाली, मग स्टेन्सिल वगैरे काही नाही, पेनने थेट दंडावर काढत गेला, मनगटाच्या दिशेने वाहणारी नदी आणि वर डोंगर. मशीन लागल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला डोळ्यांत पाणी आलं. पूर्वी उही असायची, अल्बट्रॉसच्या हाडाची छिन्नी, वरून ठोकत जायचे आणि त्वचेत चर पडायचे, तोंड इतकं सुजायचं की लाकडी नरसाळ्यातून पातळ जेवण भरवत!! हे त्याने मशीन चालू असतानाच सांगितलं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणे आजीसारखं तुळशीवृंदावन गोंदवायचंस. सध्या खाज सुटलीये पण खपली काढायची नाहीये, पोहायला जाणंही बंद.