काय नाय साहेब

कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करतात त्या खोलीत, माझी जागा काचेच्या अलीकडे, मॉनिटरसमोर. आत टेबलावरच्या माणसाची नाडी, बीपी, ईसीजी मी बघायचं, आणि मागच्या कपाटातल्या स्टेंटचा, म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळ्यांचा, साठाही माझ्याच नावावर. नाशिकमध्ये आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक केसेस हृदयाच्या. त्यामुळे कपाटही हृदयाचंच. पायाच्या धमन्यांचं थोडंफार सामान खालच्या कप्प्यात.

ते बाबा दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात हमाल. वय साठीच्या आसपास, बोटं विडीने पिवळी. चालताना उजव्या कुल्ल्यात आणि मांडीत गोळा यायचा, म्हणून वर्षभर कमरेचेच उपचार चाललेले. पट्टा, शेक, गोळ्या, सगळं करून झालं होतं.

आमच्या डॉक्टर सरांनी विचारलं, "न थांबता कुठपर्यंत जाता, बाबा?"

"भद्रकालीतून निघालो की होळकर पुलापर्यंत नीट. पुलावर कठडा धरून उभं राहावं लागतं. दोन मिनटं गंगा बघितली की परत चालू."

सरांनी तिथेच पेन खाली ठेवलं. मणक्यात नस दबली असेल तर माणूस पुढे वाकतो, टेकायला जागा शोधतो. नुसतं उभं राहून दुखणं जात असेल तर पायाला रक्त कमी पडतंय. जांघेत बोट ठेवलं तर उजवीकडची नाडी जेमतेम लागली. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर आलं ०.५२, ते ०.९ च्या वर असायला हवं. सीटीत ओटीपोटातली धमनी दिसली: वर कॉमन इलियॅकच्या, म्हणजे पायाकडे जाणाऱ्या मुख्य फाट्याच्या, तोंडाशीच चुन्याचा (कॅल्शियमचा) थर, आणि खाली तिचीच पुढची फांदी, एक्स्टर्नल इलियॅक, लांबवर आक्रसलेली.

स्टेंट टाकायचं ठरल्यावर बाबांचा मुलगा माझ्यामागे लागला. "मॅडम, पैशाचं बघू आम्ही. सगळ्यात महागातला टाका. तो कापड लावलेला असतो ना, तो."

मुदत संपलेले दोन स्टेंट मी ड्रॉवरमध्ये ठेवलेले असतात, अशाच प्रश्नांसाठी. पहिला कोबाल्ट-क्रोमियमचा, बलूनवर चढवलेला. बलून जेवढा फुगेल तेवढाच हा उघडतो आणि जिथे ठेवाल तिथेच बसतो. मी तो उघडून चिमटीत दाबला, तो चेपला तो चेपलाच. दुसरा नायटिनॉलचा, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा. नळीतून सोडला की अंगच्या उबेने आपला आपण उघडतो. तो मुलाच्या हातात दिला. त्याने दाबला, सोडला, पुन्हा दाबला. दर वेळी स्टेंट गोल.

"मग हाच भारी!"

"आणि कापडवाला?" मीच विचारलं, कारण तो प्रश्न येणारच होता. त्याला बारीक अस्तर असतं. पार बुजलेल्या धमनीत त्याचा उपयोग होतो, आणि धमनी फाटली तर जीव वाचवायला तोच लागतो. पण म्हणून सगळीकडे तोच घालत नाहीत.

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी मुलाला उत्तर दिलंच नाही. बाबांना म्हणाले, "पोतं कसं उचलता ते दाखवा." बाबा तिथेच कॉरिडॉरमध्ये उकिडवे बसले आणि पोतं पाठीवर घेतल्यासारखे उठले. एक्स्टर्नल इलियॅक जांघेकडे येताना मांडीबरोबर वाकते. तिथे चेपून राहणारा स्टेंट काय कामाचा? तोंडाशी मात्र उलटं. तिथला चुना कडक, आणि एक-दोन मिलिमीटरचीही चूक चालत नाही. आपोआप उघडणारा सुटताना सरकू शकतो. म्हणून वर बलूनवाला, खाली नायटिनॉलचा.

मी सरांना छेडलं. जर्मनी-स्वित्झर्लंडमधला ६६० पेशंटचा अभ्यास त्यांनीच आम्हाला सांगितलेला, २०१७ मध्ये छापून आलेला. वर्षभरात धमनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण नायटिनॉलमध्ये ६.१ टक्के, बलूनवाल्यात १४.९. मग वर तरी बलूनवाला कशाला? सर म्हणाले, "आकडा सगळ्यांचा मिळून असतो. हा चुना यांचा एकट्याचा आहे."

हव्या त्या मापाचा नायटिनॉल कपाटात नव्हता. मुंबईहून येणारी गाडी कसारा घाटात अडकली आणि सकाळची केस तीनवर गेली.

हे सगळं जागेपणीच करतात, फक्त जांघ बधिर करून. सरांनी बाबांना दोनदा बजावलं, "बलून फुगवताना दुखलं तर लगेच सांगायचं." धमनीची बाहेरची भिंत ताणली की कळ येते. ती कळ म्हणजे सूचना. भिंत फाटली तर रक्त पोटात सांडतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

वरचा स्टेंट सुरेख बसला. मग खालचा भाग आधी बलूनने मोकळा करायला घेतला.

"दुखतंय?"

"काय नाय साहेब."

प्रेशर थोडं वाढवलं. "आता?"

"काय नाय."

माझ्या पडद्यावर ७८ ची नाडी १०४ झाली होती. काचेतून पाहिलं तर बाबांची डाव्या हाताची मूठ टेबलाच्या कडेवर आवळलेली, बोटं पांढरी पडलेली. मी माइक दाबला. "सर, थांबा. त्यांचा हात बघा."

सरांनी बलून लगेच उतरवला. मी कापडवाल्या स्टेंटचा खोका घेऊन दारात पोचलेसुद्धा. डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून पाहिलं, गळती नव्हती. सरांनी पहिल्यांदाच आवाज चढवला, "बाबा, दुखत होतं ना?"

"दुखत होतं थोडं. पण बोललो असतो तर तुम्ही काम अर्धं सोडलं असतं."

चाळीस वर्षं ओझं वाहणाऱ्या माणसाला दुखण्याची पट्टी कुठली द्यायची? आपण एक ते दहामध्ये सांगा म्हणतो.

पुढे सरांनी जोर केला नाही. लहान बलूननेच जमेल तेवढी वाट करून नायटिनॉल सोडला. मध्ये थोडी कंबर, म्हणजे अरुंद जागा, राहिली. मला वाटलं, आता पुन्हा फुगवणार. पण ते म्हणाले, "राहू दे. बाकीचं तो उघडेल हळूहळू." बलूनवाला असता तर तिथल्या तिथे पूर्ण फुगवावा लागला असता, त्याच दुखऱ्या भिंतीवर. खोका मी न फोडता कपाटात परत ठेवला. हात नंतर बराच वेळ थरथरत होते.

महिन्याने बाबा तपासणीला आले. गुणोत्तर ०.९४. पूल न थांबता ओलांडून मालेगाव स्टँडपर्यंत जातात म्हणाले. सरांनी विचारलं, "मांडीत काही दुखतं अजून?"

"काय नाय साहेब."

सर चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत होते. हात मोकळे, मांडीवर सैल पडलेले. शर्टाच्या खिशात मात्र विडीच्या बंडलाचा आकार मला स्पष्ट दिसला.