वेम्बलीची फायनल, आई आणि नेरूळकरांसाठी एक काम

रविवारी, ३१ जुलै २०२२ ला, विमेन्स युरोची, म्हणजे बायकांच्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेची, इंग्लंड-जर्मनी फायनल लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर बघून आले. सोबत आई, ती सध्या नवी मुंबईतल्या नेरूळहून माझ्याकडे लंडनला आलीय. तिकिटं काढली तेव्हा इंग्लंड फायनलला जाईल की नाही कुणास ठाऊक होतं, आणि तिथे पोचलो तर ८७,१९२ लोक! पुरुषांची धरली तरी कुठल्याच युरो फायनलला आजवर एवढी गर्दी झालेली नाही.

वेम्बली पार्क स्टेशनातून बाहेर पडलं की समोर ती १३३ मीटर उंच पांढरी कमान. आईने मान वर करून बघितलं आणि लगेच खाली, कारण तिला माणसं बघायची होती. गालावर झेंडे रंगवलेल्या शाळकरी पोरी, आज्या, लेकीला खांद्यावर घेतलेले बाप.

पहिला हाफ ठीकठाक. मग ६२व्या मिनिटाला इंग्लंडच्या एला टूनने पुढे आलेल्या जर्मन गोलीच्या डोक्यावरून बॉल असा काही अलगद टाकला की आई चक्क उभी राहिली. जर्मनीने बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइम, आणि ११०व्या मिनिटाला कॉर्नरवरून इंग्लंडच्याच क्लोई केलीने दुसऱ्या प्रयत्नात बॉल आत ढकलला. आधी ऑफसाइड धरून गोल रद्द तर होणार नाही ना म्हणून थबकली, आणि मग जर्सी काढून गरागरा फिरवत सुटली. आई म्हणते, "अगं घाल ती आता, मॅच राहिलीय अजून!" रेफरीचंही तेच मत, यलो कार्ड दिलं. नंतर इंग्लंडच्या पोरी कोपऱ्यात बॉल अडवून वेळ काढत बसल्या ते मात्र आईला अजिबात पटलं नाही, "ही काय चीटिंग?" शेवटी इंग्लंड २-१ ने जिंकलं.

याच देशात १९२० साली लिव्हरपूलला बायकांच्या मॅचला ५३,००० लोक आले होते, आणि पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने बायकांना क्लबांच्या मैदानांवर बंदी घातली, का तर म्हणे हा खेळ बायकांसाठी नाही. ती उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली. ऐकून आईने एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

परतताना घोड्यावरचे पोलीस गर्दी अडवून थोडी थोडी स्टेशनात सोडत होते, डी. वाय. पाटील स्टेडियमवर आयपीएल असली की नेरूळ स्टेशनला कुणीतरी हे करून बघावं राव.

आणि आपल्याकडे? जानेवारी २०२२ मध्ये डी. वाय. पाटीललाच बायकांचा एशियन कप होता. भारत इराणशी ०-० खेळला, मग टीममध्ये कोविड, पुढची मॅच होऊच शकली नाही आणि घरच्याच स्पर्धेतून बाहेर. प्रेक्षकांना एन्ट्रीच नव्हती, त्यामुळे शेजारी राहून आपल्याला पत्ता नाही. आता ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल वर्ल्ड कप आहे, भारताच्या मॅचेस भुवनेश्वरला, पण ३० ऑक्टोबरची फायनल नेरूळला! जा रे सगळे, मुलींना घेऊन जा. आईने भिशीच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय, अजून एकाच काकूंचं उत्तर आलंय, पार्किंग कुठे मिळेल म्हणून. स्टेडियमसमोरच्या बिल्डिंगमध्ये राहतात त्या.