मेल नक्की कुठे अडकला?

“आमच्या कॉम्प्युटरवर तर मेल गेला असे दाखवते, मग समोरच्याला मिळत का नाही?” हा प्रश्न मला वडोदऱ्यात जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कुठलाच नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतले कारखानदार विचारतात, दांडिया बाजारातले कर सल्लागार विचारतात, आणि वर्गणीच्या पावत्या मेलने पाठवू लागलेले गणेश मंडळाचे कार्यकर्तेही विचारतात. लहान कार्यालयांचे मेल सर्व्हर उभे करणे आणि बिघडले की दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय आहे. फोनवर दिलेले उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून तुम्ही विचारलेत त्या निमित्ताने ते सविस्तर लिहितो.

‘मेल गेला’ याचा अर्थ एवढाच, की तुमच्या कॉम्प्युटरने तो तुमच्या सर्व्हरच्या हवाली केला. पुढे सर्व्हर तो रांगेत लावतो, समोरच्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, टपाल कोणता सर्व्हर घेतो हे डीएनएस या इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीतल्या एमएक्स नोंदीवरून शोधतो, त्या सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे मेलसाठी ठरलेल्या दारावर, जोडणी करतो आणि बोलणे सुरू करतो. मी कोण, पत्र कोणाकडून, कोणासाठी, आणि मग मजकूर. १९८२ साली एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या या पद्धतीचे, नियम प्रसिद्ध झाले तेव्हापासून या संवादाचा सांगाडा बदललेला नाही. प्रत्येक वाक्याला समोरून तीन अंकी उत्तर येते. २ ने सुरू होणारे म्हणजे मान्य, ४ ने सुरू होणारे म्हणजे सध्या नाही, नंतर या, आणि ५ ने सुरू होणारे म्हणजे कायमचा नकार. मजकूर संपल्यावर समोरच्याने २५० म्हटले, की त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी त्याची. २००८ च्या सुधारित नियमांत हे अगदी स्पष्ट लिहिले आहे: पत्र स्वीकारले की ते पोचवायचे किंवा पोचले नाही असे कळवायचे, आणि नंतर आपले यंत्र बंद पडले यासारख्या कारणाने ते हरवायचे नाही. कार्यालयातल्या आवक-जावक नोंदवहीवर पोच म्हणून केलेल्या सहीइतकेच या २५० ला महत्त्व आहे. त्यामुळे तक्रार कोणतीही असली, तरी माझा पहिला प्रश्न एकच असतो: शेवटचे २५० कोणी कोणाला दिले? ते सापडेपर्यंत कोणत्याही सेटिंगला हात लावणे मला मान्य नाही.

हे उत्तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर आपोआप लिहीत असलेल्या नोंदवहीत, असते. मी बहुतेक ठिकाणी पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर वापरतो, आणि त्याचा लॉग वाचायला शिकणे हे सर्व्हर बसवण्याहून जास्त उपयोगाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. सर्व्हरमध्ये शिरलेल्या प्रत्येक मेलला अंक-अक्षरांचा एक रांग-क्रमांक मिळतो, आणि तो धरून शोधले की त्या मेलचा सगळा प्रवास ओळीने समोर येतो. निकालाच्या ओळीत मेल कोणासाठी होता, कोणत्या सर्व्हरशी बोलणे झाले, किती वेळ लागला आणि निकाल काय, हे सारे असते. निकालापुढे कंसात समोरच्या सर्व्हरचे शब्द जसेच्या तसे छापलेले असतात. त्याच ओळीत तिरक्या रेघांनी वेगळे केलेले चार आकडे असतात, त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पहिला आकडा रांगेच्या व्यवस्थापकाकडे येण्याआधीचा वेळ, दुसरा त्याच्याकडे गेलेला वेळ, तिसरा जोडणी करण्यात गेलेला आणि चौथा प्रत्यक्ष मजकूर पाठवण्यात गेलेला. तिसरा आकडा फुगलेला असेल, तर दोष डीएनएसमध्ये किंवा जोडणीच्या वाटेत शोधावा. चौथा फुगलेला असेल, तर मजकूर जड आहे किंवा समोरचा सर्व्हर उत्तर द्यायला वेळ लावत आहे.

निकाल ‘बाउन्स्ड’ असेल तर पाठवणाऱ्याला परतीचा मेल जातोच. खरा त्रास ‘डिफर्ड’ या निकालाचा आहे. समोरचा तात्पुरता नकार देतो किंवा जोडणीच होत नाही, तेव्हा पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि मूळ सेटिंगप्रमाणे हे ५ दिवस चालू राहते. या ५ दिवसांत पाठवणाऱ्याला काहीही कळत नाही, कारण उशिराची सूचना देण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून एक कोटेशन ग्राहकाच्या पत्त्यात एक अक्षर चुकून पाठवले गेले. ते चुकीचे डोमेनही कोणाच्या तरी नावावर होते, पण तिथे २५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकणारे कोणी नव्हते. डोमेन अस्तित्वातच नसते तर मेल तत्काळ परत आला असता. येथे मात्र तो रांगेत बसून राहिला, आणि परत आला तेव्हा ऑर्डर दुसऱ्याला गेली होती. सर्व्हरने नियमाप्रमाणेच काम केले होते, पण माणसाला उशीर कळवायला हवा होता. म्हणून माझ्या प्रत्येक सर्व्हरवर ‘डिले वॉर्निंग टाइम’ ४ तासांचा असतो. एका ओळीचे हे सेटिंग आहे, आणि ते कोणी करत नाही याचे मला खरोखर वाईट वाटते.

दुसरा नेहमीचा बिघाड वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचा. बाहेरच्या सगळ्यांचे मेल येतात, फक्त स्वतःच्याच वेबसाइटवरून आलेल्या चौकशा कार्यालयाला मिळत नाहीत. वेबसाइट एका सर्व्हरवर आणि मेल दुसरीकडे अशी विभागणी असेल, तर वेबसाइटच्या सर्व्हरवरच्या पोस्टफिक्समध्ये ‘माय डेस्टिनेशन’ ही यादी आधी पाहावी. तिथे कार्यालयाचे डोमेन लिहिलेले असेल, तर तो सर्व्हर समजतो की या डोमेनची टपाल माझ्याच घरची आहे. तो एमएक्स नोंद पाहतच नाही, आणि त्या नावाचा वापरकर्ता आपल्याकडे नाही म्हणून मेल नाकारतो किंवा त्याच नावाचा वापरकर्ता असेल तर कोणी न उघडणाऱ्या स्थानिक पेटीत टाकतो. यादीतून डोमेन काढले की चौकशा त्याच दिवसापासून योग्य ठिकाणी येऊ लागतात. मेल देणाऱ्या कंपनीशी भांडून उपयोग नसतो, कारण मेल तिच्या दारापर्यंत गेलेलाच नसतो.

आता स्पॅमचा भाग. समोरच्याने २५० दिले आहे आणि तरीही मेल स्पॅममध्ये गेला, याचा अर्थ त्याने पत्र स्वीकारले पण पाठवणाऱ्याची ओळख त्याला पटली नाही. ओळख पटवण्याच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सर्व्हरच्या आयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या अंकी पत्त्याची, उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, सर्व्हरच्या नावाशी जुळली पाहिजे. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये, म्हणजे डीएनएसच्या नोंदी भरायच्या पानावर, होत नाही, ज्यांच्याकडून आयपी घेतला त्यांच्याकडेच करावी लागते. एसपीएफमध्ये तुमच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणाला आहे ते लिहायचे, डीकेआयएमने पत्रावर डिजिटल सही करायची, आणि या दोन्हींपैकी एकही जुळली नाही तर काय करावे ते डीमार्कमध्ये सांगायचे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या विचारणा फार वाढल्या.

बिघाड मात्र बारीक ठिकाणी असतो. बिलिंगचे सॉफ्टवेअर घेतले की त्याचे विक्रेते एसपीएफची नोंद करायला सांगतात, आणि कार्यालयातला कोणीतरी जुन्या नोंदीत भर घालण्याऐवजी दुसरी नोंद करतो. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते; दोन दिसल्या की तपासणारा दोन्ही बाद ठरवतो. शिवाय एका नोंदीतून होणाऱ्या डीएनएस विचारणांना १० ची मर्यादा आहे, आणि चार-पाच सेवा जोडल्या की ती सहज ओलांडली जाते. डीकेआयएमची सही तपासण्यासाठी डीएनएसमध्ये ठेवायची २०४८ बिटांची किल्ली तर आणखी त्रास देते. डीएनएसच्या टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, नोंदीत एका अवतरणात २५५ पेक्षा जास्त अक्षरे मावत नाहीत, किल्ली त्याहून लांब असते, त्यामुळे ती दोन अवतरणांत विभागून द्यावी लागते. काही पॅनेल हे आपण होऊन करतात, काही उरलेली अक्षरे निमूटपणे कापून टाकतात. पॅनेलमध्ये नोंद हिरवी दिसते आणि प्रत्येक सही मात्र खोटी ठरते. त्यामुळे पॅनेलवर विश्वास न ठेवता, बाहेरून डीएनएसला विचारून परत आलेली किल्ली शेवटच्या अक्षरापर्यंत मूळ किल्लीशी ताडून पाहावी.

फॉरवर्डचाही येथे उल्लेख करतो. संस्थेच्या पत्त्यावर आलेला मेल आपोआप अध्यक्षांच्या खाजगी पत्त्यावर जावा, अशी मागणी नेहमी होते. तसे केले की पुढचा सर्व्हर पाहतो तो आयपी तुमचा, आणि एसपीएफ मूळ पाठवणाऱ्याचे. ते जुळत नाही. डीकेआयएमची सही पत्रातला मजकूर बदलला नाही तर टिकते, परंतु खाली ‘हा मेल तपासलेला आहे’ अशी ओळ चिकटवणारे अँटिव्हायरस तीही मोडते. अध्यक्षांनी संस्थेची पेटी स्वतःच्या फोनमध्ये जोडून घ्यावी, हाच माझा आग्रह असतो.

“एकदा सगळे खुले करून बघा ना,” असे घाबरलेले ग्राहक सांगतात. त्यांची घाई मला समजते, पण ‘माय नेटवर्क्स’मध्ये, म्हणजे या सर्व्हरमधून बाहेर मेल कोणी पाठवावेत त्या यादीत, सगळ्या जगाला परवानगी दिली, तर तो सर्व्हर कोणाचेही मेल कोणालाही पाठवणारा खुला सर्व्हर होतो, स्पॅम पाठवणाऱ्यांना तो सापडायला वेळ लागत नाही, आणि आयपी काळ्या याद्यांत गेला की जे मेल पोचत होते तेही बंद होतात. हे मी कोणाच्याही आग्रहाखातर करत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोन कराल, तेव्हा तीन गोष्टी हाताशी ठेवा: मेल पाठवल्याची नेमकी वेळ, ज्याला पाठवला त्याचा पूर्ण पत्ता, आणि परतीचा मेल आला असेल तर तो संपूर्ण, त्याचा फोटो किंवा त्यातली एखादी ओळ नव्हे. मेल स्पॅममध्ये सापडला असेल, तर समोरच्याला जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून आलेले पान तुमच्याकडे पाठवायला सांगा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिघांचा निकाल त्या पानाच्या वरच्या भागातच लिहिलेला असतो.