आई म्हणाली, क्रूझ नव्हे, बोट

कोथरूडहून निघताना शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "क्रूझला चाललात ना?" आई म्हणाली, "नाही हो, बोटीनं चाललोय." तिच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि आता माझ्याही लेखी आहेत.

आईचं माहेर हर्णै. तिच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे कोकणबोटीनं. बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या करंड्या असं सगळं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापाशी न्यायचे. लाटेनं पडाव वर उचलला की त्याच क्षणी खलाशी दंडाला धरून बोटीत ओढून घ्यायचे. पहाटे भाऊचा धक्का. वाटेत निम्म्या लोकांना बोट लागलेली. तरीही त्या प्रवासाबद्दल बोलताना आईचा आवाज बदलतो.

ताई आणि भावोजी स्टॉकहोमला राहतात. जूनमध्ये आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी हेलसिंकीला जायचं ठरवलं होतं, तेही स्वतःची गाडी घेऊन, 'सिल्या सेरेनेड' या जहाजानं. 1990 साली फिनलंडमधल्या तुर्कू इथे बांधलेलं हे जहाज 203 मीटर लांब आहे. त्यात 2800 हून अधिक प्रवासी आणि सुमारे चारशे गाड्या मावतात. वर हॉटेल आणि बाजार, खाली गाड्यांचा तळ. संध्याकाळी निघायचं, रात्री झोपायचं, सकाळी दुसऱ्या देशात उतरायचं.

बंदरावर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. आमच्या पुढे एक कुटुंब टपावर सायकली बांधून निघालं होतं आणि शेजारच्या रांगेत एकामागे एक मोठे ट्रक. रांग हलली आणि आमची गाडी सरळ जहाजाच्या पोटात शिरली. कर्मचारी हातानं खुणा करत एकेक गाडी हातभर अंतरावर लावून घेत होते. एक सांगून ठेवते: लागेल ते सामान आधीच वेगळ्या पिशवीत काढून ठेवा, कारण जहाज निघालं की गाड्यांच्या मजल्यावर जाता येत नाही. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या डिकीत राहिल्या होत्या. दार बंद व्हायच्या आत मी धावत जाऊन त्या आणल्या.

वर गेलो आणि आई थबकली. जहाजाच्या मधोमध जवळपास 140 मीटर लांब रस्ता आहे, वर काचेचं छप्पर, दोन्हीकडे दुकानं आणि खाणावळी. त्यांच्यावरच्या मजल्यांवरच्या खोल्यांच्या खिडक्या या रस्त्याकडे उघडतात. आमची खोली अशीच होती. वाड्याच्या माडीवरून चौकात बघावं तशी आई खिडकीत बसून खालची माणसं बघत राहिली.

मग डेकवर. स्टॉकहोमच्या बाहेर सुमारे तीस हजार लहानमोठी बेटं आहेत आणि जहाज तीन-चार तास त्यांच्यामधूनच जातं. काही ठिकाणी किनारा इतका जवळ येतो की लाल लाकडी घराच्या अंगणातला माणूस हात हलवताना स्पष्ट दिसतो. पाणी नदीसारखं संथ. रात्री साडेनऊलाही ऊन होतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं काढलं आणि वाऱ्यात बसून जेवलो. माझ्यासाठी सगळ्या प्रवासातली सर्वात सुंदर वेळ ती होती.

मध्यरात्रीच्या सुमाराला जहाज ओलांड बेटांवर मारीएहाम्न इथे थोडा वेळ थांबलं. भावोजींनी कारण सांगितलं. 1999 साली युरोपीय संघानं आपल्या देशांमधली करमुक्त विक्री बंद केली. ओलांड हा फिनलंडचा स्वायत्त प्रदेश, पण संघाच्या करक्षेत्राबाहेर. तिथे थांबणाऱ्या जहाजावर करमुक्त दुकान चालू ठेवता येतं. तिकीट बेताचं ठेवायला त्या दुकानाची कमाई उपयोगी पडते. उन्हाळ्यात सुट्टीची माणसं येतात, ट्रक मात्र बारा महिने जातात. हिवाळ्यात समुद्र गोठतो तेव्हाही, कारण जहाज बर्फातून जाईल असंच बांधलेलं आहे.

रात्री आईला झोप लागेना. "खाली एवढ्या गाड्या, आणि पाणी शिरलं तर?" हा प्रश्न तिला पडणारच होता. रामदास बोटीची गोष्ट ऐकतच ती वाढली. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. हर्णैच्या घरात समुद्राचं नाव निघालं की रामदासचं निघायचंच.

मी तिच्यापासून काही लपवलं नाही. याच बाल्टिक समुद्रात 28 सप्टेंबर 1994 च्या रात्री 'एस्टोनिया' बुडालं. ते असंच गाड्या आणि माणसं एकत्र नेणारं जहाज, टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेलं. वादळात पुढचा दरवाजा तुटला, गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरलं आणि 852 माणसं गेली. असा मजला आडव्या भिंती नसलेला, सलग असतो. भरलेली परात उचलली आणि जराशी कलली, तर सगळं पाणी एका कडेला धावतं, तसंच तिथे होतं. त्यानंतर इथल्या देशांनी नियम कडक केले: त्या मजल्यावर काही प्रमाणात पाणी आलं तरी जहाज तरलं पाहिजे. आईनं शांतपणे ऐकलं, हात जोडले आणि म्हणाली, "माणसं गेल्यावरच नियम होतात गं."

सकाळी हेलसिंकीच्या आधी जहाज एका अगदी अरुंद खाडीतून आत शिरतं. एका बाजूला सुओमेनलिन्ना किल्ल्याची बेटं. 1748 साली स्वीडिश लोकांनी तो बांधायला घेतला. कठड्याला धरून आई उभी होती. तटबंदी इतक्या जवळून गेली की दगडांमधलं गवत दिसत होतं. ती म्हणाली, "पडावातून आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्ग असाच दिसायचा." एवढं बोलून ती बराच वेळ गप्प राहिली.

या जहाजावर पुष्कळ लोक फक्त मजेसाठी येतात आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच जहाजानं परत फिरतात. त्यांचा आनंद खरा आहे. पण मला हा प्रवास आवडला तो खालच्या ट्रकांमुळे. कुणाची भाजी, कुणाचं सामान, कुणाचं घर बदलणं, हे सगळं आमच्या सुट्टीबरोबर एकाच वाटेनं चाललं होतं. आईची कोकणबोट अशीच होती. तिच्यात आंबे होते, चाकरमानी होते, माहेरवाशिणी होत्या. ती बंद पडली तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांचं एकमेकांशी असलेलं नातंही तुटलं. भाऊचा धक्का ते मांडवा गाड्या नेणारी रो-रो 2020 पासून सुरू आहे. ती तासाभराची वाट पुढे हर्णै, जयगड, मालवणपर्यंत जावी आणि त्यात रात्रीच्या मुक्कामाची सोय असावी, असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे हरिहरेश्वरला गेलो आणि बागमांडल्याला जंगलजेट्टीच्या, म्हणजे खाडीपार गाड्या नेणाऱ्या बोटीच्या, रांगेत लागलो. पुढे एक टेम्पो, मागे दुचाकीवर माश्यांच्या टोपल्या. गाडी चढवल्याबरोबर आई खाली उतरली आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे वेसवी दिसत होतं. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्या वेळात ती एकदाही गाडीत येऊन बसली नाही.