स्कॉटिश पूर्वजांचा माग: नाव सोडा, वाडी धरा

स्कॉटलंडमध्ये पूर्वज शोधताना नाव-आडनावाच्या जोरावर फार लांब जाता येत नाही. पर्थशरमधल्या लॉख टे या तळ्याकाठचंच बघा. केनमोर आणि किलिन या दोन पॅरिशांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या भागांत, कॅम्पबेल आणि मॅक्डर्मिड आडनावांची इतकी गर्दी आहे, की एकाच पिढीत तीन-चार जॉन मॅक्डर्मिड सहज निघतात. कोकणात जसं नुसतं आडनाव सांगून घर सापडत नाही, वाडी सांगावी लागते, तसंच हे.

मी सुरुवात नेहमी मृत्यूच्या नोंदीपासून करतो आणि मागे जातो. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ला सुरू झाली आणि तिथल्या मृत्यूनोंदीत आई-वडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही असतं. म्हणजे १८५८ साली ऐंशीव्या वर्षी गेलेल्या म्हातारीची एक नोंद तुम्हाला थेट अठराव्या शतकात नेऊन सोडते. बाईची नोंद माहेरच्या नावाने शोधून मिळाली नाही तर सासरच्या नावाने शोधा, दोन्हीकडे असते. १८५५ या एका वर्षाची नोंद मिळाली तर चांदीच: जन्मगाव, मुलांची नावं आणि वयं, सगळं त्यात आहे. एवढं लिहिणं कारकुनांना झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. १८५६ ते १८६० मधल्या मृत्यूनोंदीत तर नवरा किंवा बायकोचंही नाव नाही. आणखी एक बघायचं, माहिती कोणी दिली ते. मुलाने दिली असेल तर आजीचं आडनाव बहुधा बरोबर असतं. जावयाने किंवा शेजाऱ्याने दिली असेल तर दुसरा पुरावा मिळेपर्यंत ते पेन्सिलीनेच लिहून ठेवा.

जनगणनेत १८५१ची आधी उघडावी, कारण तिच्यात जन्माची पॅरिश लिहिलेली असते. १८४१मध्ये फक्त त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्म झाला का, एवढंच आहे. शिवाय पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात. ३९ वर्षांचा माणूस तिथे ३५चा दिसतो. वय जुळत नाही म्हणून खरा माणूस सोडून दिला जातो तो इथे.

१८५५च्या आधीची सगळी भिस्त चर्चच्या जुन्या पॅरिश रजिस्टरांवर. सर्वांत जुनं एरल गावचं, १५५३पासूनचं. ही रजिस्टरं स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर आहेत. सूचीत शोधणं फुकट, पानाची प्रतिमा उघडली की क्रेडिट (आधी पैसे भरून घेतलेले गुण) जातात. म्हणून आधी सूची पिळून काढा. मी मुलाचं नाव रिकामं ठेवतो, बापाचं आणि आईचं आडनाव टाकतो. मग एका जोडप्याची सगळी भावंडं एका रांगेत येतात. स्पेलिंगचा हट्ट धरू नका. मॅक कधी पूर्ण, कधी नुसता एम आणि वर टिंब. गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणाऱ्या मुलखात कारकून नावाला जवळचं इंग्रजी नाव लावून टाकी, त्यामुळे डोनाल्ड हाच डॅनियल असू शकतो आणि जीन, जेन, जेनेट, जेसी ही एकच बाई.

सूचीत वाडी येत नाही, ती प्रतिमेत असते, म्हणून शेवटी प्रतिमा विकत घ्यावीच लागते. नावापुढे ‘इन’ आणि मग वाडीचं नाव असेल तर तो कूळ. ‘ऑफ’ असेल तर बहुतेक मालक. चार जॉनपैकी आपला कोणता, हे त्या दोन अक्षरांपुढच्या शब्दावर ठरतं.

नोंद सापडत नाही याचा अर्थ जन्म दुसरीकडे झाला असा लगेच घेऊ नका. १७८३ ते १७९४ प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता, त्यामुळे गरिबांनी नोंद करणंच टाळलं. ही रजिस्टरं चर्च ऑफ स्कॉटलंडची; १८४३मध्ये ते फुटून फ्री चर्च निघालं. तिकडे गेलेल्यांचे बाप्तिस्मे या रजिस्टरांत नाहीत. लग्नाच्या नावाखाली बऱ्याचदा लग्न ठरल्याचं चर्चमध्ये आधी जाहीर करत त्या घोषणेची फक्त तारीख असते आणि वधू-वरांच्या पॅरिशा वेगळ्या असतील तर दोन्हीकडे ती वेगवेगळी मिळते. दफनाच्या नोंदी तर फारच थोड्या. त्याऐवजी प्रेतावर घालायच्या कापडाचं भाडं जमा झाल्याची नोंद मिळते, तेवढ्यावर भागवायचं.

वाडी हाती लागली की नकाशे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ते फुकट ठेवलेत. आधी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणीच्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशाची पहिली आवृत्ती उघडा. इथली मोजणी १८६०च्या आसपासची आहे. छप्पर असलेलं घर भरलेलं दाखवलंय, पडकं घर नुसत्या रेघांनी. लॉख टेकाठी १८३०च्या दशकात कुळं हटवली गेली, त्यामुळे अशा पोकळ चौकोनांचे पुंजके खूप दिसतात. पूर्वजांची वाडी बऱ्याचदा त्यांतच असते. नकाशावर नाव मिळालं नाही तर त्याच सर्व्हेची नावांची वही पाहा. एका जागेची वेगवेगळी स्पेलिंगं आणि ती कोणी सांगितली, हे त्यात आहे. मग विल्यम रॉय या मोजणीदाराच्या नावाने ओळखला जाणारा १७४७ ते १७५५चा लष्करी नकाशा. एक इंचाला हजार यार्ड, घरं लाल ठिपक्यांनी. मोजणीदारांना गेलिक येत नव्हतं, कानाला आलं तसं लिहिलं. म्हणून नाव न वाचता ओढा आणि टेकडी यांच्यावरून जागा ठरवा आणि मगच नाव मोठ्याने उच्चारून बघा. बेटं या नकाशात नाहीत, हे हेब्रिडीजवाल्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

लॉख टेवाल्यांचं नशीब जरा बरं. तळ्याकाठची जमीन ज्या ब्रेडलबेन जहागिरीत होती, तिची १७६९मध्ये मोजणी झाली; उत्तर काठ जॉन फार्कुहारसनने केला, दक्षिण काठ जॉन मॅकार्थरने. जहागिरीचे कागद एडिंबरोतल्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी दफ्तरखान्यात जीडी ११२ या क्रमांकाखाली आहेत. कुळाने जमीन विकत घेतलेली नसल्यामुळे तो खरेदीखतांच्या रजिस्टरात कधीच मिळणार नाही. खंडाच्या यादीत मात्र वाडीवार मिळतो. त्यामुळे एडिंबरोला जाण्याआधी वाडीच्या नावाची सगळी स्पेलिंगं एका कागदावर लिहून न्या.